तीन नंबरची चाळणी

पुण्यात एखाद्या कॅफेच्या माडीवर चाळीस माणसं जमतात, कुणीतरी लॅपटॉप उघडून स्वतःचं नवं संगीत वाजवतं, आणि त्याला गिग म्हणतात. नांदेडात हॉल मागायला गेलं की हॉलवाला विचारतो, "लग्न हाय का मेळावा?" तिसरं काही असू शकतं हे त्याच्या वहीतच नाही. "डीजे हाय" म्हटलं तर तो वही मिटतो. डीजे म्हणजे भांडण, आणि भांडण म्हणजे त्याच्या काचा. ह्याचा मला राग होता. अजूनही आहे. पण त्याच रागाच्या भरात मी एका मुलीचं नुकसान करून बसले, आणि ते कुठल्याही पत्रकात लिहिण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी मूळची मुखेडकडची, वाढले नांदेडला. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. आमच्या गल्लीत दारावर नावाची पाटी पहिल्यांदा लागली ती आमच्या घराला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण. माझ्या आजोबांना गावात कुणी पूर्ण नावानं हाक मारली नाही, नेहमी तुटक्या, अर्ध्या नावानं. म्हणून वडिलांनी रंगाऱ्याला समोर बसवून अक्षर न् अक्षर काढून घेतलं होतं. मी तेव्हा सहावीत होते आणि येता-जाता ती पाटी वाचायचे.

अकरावीत मी विद्यार्थी संघटनेत गेले. तिथं एका दादांनी मला पत्रक लिहायला शिकवलं. मथळा ठळक. मागणी पहिल्याच परिच्छेदात. आणि खाली नावं. "नाव द्यायची छाती नसंल तर लिहू न्हाई," असं ते म्हणायचे. मला ते तंतोतंत पटलं. घरून हेच घेऊन आले होते.

संगीताचं वेड मात्र संघटनेतलं नाही, फोनमधलं. नवे अल्बम बहुतेक शुक्रवारी येतात. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी शुक्रवारी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून ते ऐकायचो, एक इयरफोन दोघींच्या कानात आणि तिसरी रांगेत. कुठल्या तरी शहरातल्या पोरापोरींनी आपापल्या खोल्यांत बसून केलेलं, न गाजलेलं, कधी नुसतंच घुमणारं, कधी शब्दच नसलेलं संगीत. दादांनी एकदा कान लावला आणि म्हणाले, "मिक्सर बिघडलाय का? ह्याच्यात शब्द कुठं हायत? शब्द न्हाईत तर संदेश कसा देणार?" मी म्हणाले, "दादा, तुमच्या भाषणात शब्दच शब्द असतात, तरी लोक मागच्या मागं निघून जातात." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

ती मुलगी मला लातूरला भेटली. अभ्यासिकांच्या वाढलेल्या फीविरुद्ध आम्ही पत्रकं वाटत होतो. लातूरच्या अभ्यासिका म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी फळ्यांचे खोके, एका खोक्यात एक पोरगं, समोर एक ट्यूबलाइट. तिथून एक मुलगी बाहेर आली, उभ्यानं पत्रक पूर्ण वाचलं आणि मला परत दिलं.

"ताई, तुमच्या पत्रकात श्वास घ्यायला जागाच नाही."

"म्हणजे?"

"सगळं एकसारखं आदळतंय. मधे थोडं थांबलं असतं, तर जिथं आदळायचं तिथं लागलं असतं."

मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला ती दुसऱ्यांदा बसणार होती. लातुरात अशांना रिपीटर म्हणतात आणि म्हणताना आवाज जरा खाली घेतात. आम्ही चहा घेतला. तिनं मला एक लिंक पाठवली. "कुणाचं आहे हे विचारू नका. आधी ऐका."

नांदेडच्या बसमध्ये बसल्यावर लावलं. चार तुकडे होते, मुखपृष्ठावर पसरलेल्या तूरडाळीचा फोटो, आणि करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. चाकूर येईपर्यंत मला काही कळलं नाही. खालून एक घरघर, तिच्यावर कुणीतरी भांडी घासल्यासारखं, मध्येच बसस्थानकावरची घोषणा उलटी लावलेली. मग तिसऱ्या तुकड्यात एक ठोका सुरू झाला. सहा हेलकावे सरळ आणि सातव्याला टक. सहा सरळ, सातव्याला टक. अहमदपूरपर्यंत माझा पाय त्या टकची वाट बघायला लागला होता, आणि लोह्याला उतरणाऱ्या बाईंनी विचारलं, "पाय दुखायलाय का गं?"

पुढच्या खेपेला मी तिला सरळच विचारलं, "तूच ना?"

ती हसली. "घर आहे ते आमचं."

तिच्या अप्पांची डाळीची गिरणी आहे. लहानशी. तीन चाळण्या, एकीपेक्षा दुसरी बारीक, दिवसभर हलत असतात. तिसऱ्या चाळणीचा एक नट ढिला आहे. सहा हेलकाव्यांपर्यंत तो गप्प बसतो, सातव्याला आपटतो. "पाळण्यात होते तेव्हापासून ऐकतेय," ती म्हणाली. "अप्पा रोज म्हणतात, आवळायचाय. रोज राहतो." लातूरला पहिल्या वर्षी तिला झोप लागेना, म्हणून सुट्टीत जाऊन तिनं तो आवाज फोनमध्ये भरून आणला. नंतर आपल्या बचतीतून एक जुना लॅपटॉप घेतला, आणि रविवारची टेस्ट झाली की रूमचं दार लावून ती त्या आवाजाशी खेळायची. रूम म्हणजे एका म्हाताऱ्या बाईंच्या घराची मागची खोली. घरच्यांना लॅपटॉप व्हिडिओ लेक्चरसाठी आहे असं माहीत.

मी पेटलेच. "हे नांदेडला वाजलं पाहिजे. समोर माणसं बसवून."

ती बरेच दिवस नाही म्हणाली. मग हो म्हणाली, तीन अटींवर. नाव नाही. फोटो नाही. आणि ती पडद्यामागं बसेल.

मी वाद घातला, घालणारच. "पडदा? अगं, बायकांना पडद्यातून बाहेर काढायला किती पिढ्या गेल्या! नाव लपवायची लाज वाटायला पाहिजे, नाव लावायची नाही."

ती शांतपणे म्हणाली, "ताई, नाव आलं की मागं घर येतं. घरी कळलं की रूम जाईल. रूम गेली की हे गेलं. मला दुसरीकडे कुठं दार लावायला मिळत नाही." मग म्हणाली, "आणि खरं सांगू? भीती नसती तरी मी नाव नसतं लावलं. नाव नसलं की ते माझं एकटीचं राहतं."

पहिला मुद्दा मला समजला. दुसरा मला पळवाट वाटला. मी "बरं" म्हणाले.

त्या दिवसांत लग्नतिथी नव्हत्या, म्हणून एका मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल मिळाला. अर्जात मी "सांस्कृतिक कार्यक्रम" लिहिलं. रविवार, संध्याकाळी पाच. ती सकाळची टेस्ट देऊन बसनं येणार होती.

शुक्रवारपर्यंत येतो म्हणणारी माणसं अकरा होती. एवढं भांडून हॉल मिळवला आणि अकरा माणसं! हॉलवाला हसेल, दादा हसतील. मी फ्लेक्सच्या दुकानात गेले. मजकूर दिला: नव्या संगीताचा प्रयोग, वेळ, पत्ता.

फ्लेक्सवाले भाऊ स्क्रीनकडे बघत म्हणाले, "फोटो?"

"फोटो नाही."

"ताई, बिनफोटोचा फ्लेक्स म्हणजे हरवले-सापडले. लोक मान वर करून बघतात ते तोंड बघायला."

माझ्या फोनमध्ये तिचा एक फोटो होता. चहाच्या टपरीवर काढलेला, कपातून वाफ, ती बाजूला बघून हसतेय. मी तो दिला. मग फोटोखाली मोकळी जागा राहिली, म्हणून नाव दिलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट. नावाखाली गाव. वर लिहिलं, "मराठवाड्याची पहिली इलेक्ट्रॉनिक संगीतकार." पहिली हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. पत्रकात आम्ही सगळ्याच गोष्टींना पहिलं म्हणतो. त्या क्षणी मला खात्री होती की मी तिच्यावर उपकार करते आहे. एकदा नाव लागलं की तिची भीती मोडेल, घरचे चार दिवस ओरडतील आणि मग अभिमानानं फिरतील. हा सगळा पुढचा हिशेब मी तिच्या वतीनं, तिला न विचारता, फ्लेक्सच्या दुकानातल्या स्टुलावर बसून करून टाकला.

दोन फ्लेक्स काढले. एक नांदेडला हॉलच्या गेटवर, आणि एक शनिवारी संध्याकाळी लातूरला, आमच्या तिथल्या कार्यकर्त्याकरवी, क्लासेसच्या रस्त्यावर, तिच्या क्लासपासून लांबच्या टोकाला. ऐकणारी पोरं तिथंच असतात ना.

रविवारी अडीचला ती आली. गेटसमोर थांबली. पाठीवर सॅक, हातात लॅपटॉपची बॅग. फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला, पत्रक वाचलं होतं तसाच.

"लातुरात पण लावलाय?"

"एक."

ती तिथंच पायरीवर बसली. मी समजावायला लागले तर म्हणाली, "ताई, बोलू नका. आधी हा काढा." मी स्टुलावर चढून दोऱ्या कापल्या. लातूरच्या कार्यकर्त्याला फोन लावला, तो उचलेना. पाच-सहा वेळा लावला. तोवर ती उठली आणि आत जाऊन वायरी जोडायला लागली.

मी म्हणाले, "रद्द करू या का?"

"आता आलेय. वाजवते. परत कधी वाजवीन माहीत नाही." मी बांधलेला पडदा तिनं बाजूला सारला. "आता ह्याचा काय उपयोग?"

तीसेक माणसं आली. फ्लेक्सचा तेवढा उपयोग झाला, हे मान्य करायला हवं. दोन हलगीवाले होते, एक शाळेतल्या बाई, आणि बाकी पोरं, मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, काय नवीन दाखवता बघू अशा चेहऱ्यानं. तिनं काही प्रस्तावना केली नाही. सुरू केलं. जेवणाच्या हॉलच्या फरशीवरून ती घरघर चालत आली तेव्हा रचून ठेवलेली स्टीलची ताटं बारीक थरथरायला लागली, आणि तिनं मान वळवून त्या ताटांकडे बघितलं आणि आवाज थोडा वाढवला, म्हणजे ताटंही त्यात आली. पोरांच्या घड्या सुटल्या. एक हलगीवाला खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवायला लागला, सातव्याला तोही टक मारायला लागला. मी आजवर कुठल्याही सभेत माणसांना इतकं एकत्र होताना पाहिलं नव्हतं, आणि एक घोषणा झाली नव्हती.

त्या वेळी दारातून एक गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, कपाळावर भस्माची पुसट रेघ, हातात मिठाईचा खोका. मला वाटलं, लग्नाचा हॉल समजून चुकून आलेत. ते मागच्या खुर्चीवर बसले, खोका मांडीवर ठेवला, आणि शेवटपर्यंत बसून राहिले.

संपलं. टाळ्या पडल्या. तिनं वर बघितलं आणि तिचा हात लॅपटॉपवरच राहिला. "अप्पा."

ते पुढे आले. आरडाओरडा होणार म्हणून मी मध्ये जाऊन उभी राहिले. माझ्याकडे वाक्यं तयार होती, अशा बापांसाठी मी पाच वर्षं वाक्यं तयार करते आहे. पण ते ओरडले नाहीत. मलाच विचारलं, "तो फ्लेक्स तुमी लावला का, ताई?"

"हो, मी लावला."

"सकाळी माझ्या साडूचा फोन आला," ते सांगायला लागले, जणू मला कळणं गरजेचं आहे. "म्हणला, लेक फ्लेक्सवर आली अन् आमाला सांगितलं बी न्हाई! चालत्या गाडीतून बघितला त्यानं. फोटो बघितला, नाव बघितलं. आता लातुरात पोरीचा फोटो फ्लेक्सवर हाय म्हणल्यावर माणूस दुसरं काय समजंल? क्लासवाले लावतेत तसाच. मला वाटलं टेस्टमधी पयली आली. गिरणी बंद केली. सगळ्यांला पेढे वाटले. देवळात ठिवले. अन् उरलेले घिऊन लातूरला आलो, तर पोरगी रूमवर न्हाई. मग फ्लेक्सखाली हुबं राहून वाचलं."

त्यांनी खोक्याची दोरी उगाच नीट केली.

"तिनं सांगितलं होतं का तुमाला, फोटो लावा म्हणून?"

"नाही."

"मग?"

माझ्या तयार वाक्यांत ह्या प्रश्नाचं वाक्य नव्हतं. मी वेगळंच बोलले. "तुम्ही तरी तिला विचारलं होतं का, डॉक्टर व्हायचंय का म्हणून?"

"मी बाप हाय," ते म्हणाले. "तुमी कोण?"

तिच्याकडे वळून ते म्हणाले, "तीन नंबरची चाळणी हाय ना ही?"

"हो."

"नट ढिला हाय तिचा." आणि मग, "चल."

तिनं एकेक वायर गुंडाळली. घाई केली नाही. त्यांनी लॅपटॉपची बॅग तिच्या हातातून घेतली. ओझं म्हणून घेतली की काढून घेतली, मला आजही कळलेलं नाही. जाताना खोका माझ्या हातात दिला. "वाटून टाका. आणलेत तर."

मी वाटले. दुसरं काय करणार होते? लोकांना वाटलं कार्यक्रमातच आहे. एक पोरगा पेढा खात म्हणाला, "ताई, नियोजन लई भारी."

आठवड्याच्या आत लातूरची खोली रिकामी झाली. म्हाताऱ्या बाईंनी मला एवढंच सांगितलं की वडील आणि मुलगी दोघं मिळून सामान घेऊन गेले, आणि पोरीनं जाताना खोली झाडून दिली. फोन बंद. त्याच आठवड्यात इंटरनेटवरचे चारही तुकडे गेले. ते तिनं काढले की काढायला लावले, माहीत नाही. ज्यांच्या फोनमध्ये उतरवून ठेवले होते त्यातला एक जण म्हणाला, मी परत टाकतो, नाव तर आपल्याला माहीतच आहे. मी त्याला नको म्हणाले. तो म्हणाला, "तूच तर म्हणत होतीस, नाव लपवायचं नाही." तरी मी टाकू दिलं नाही.

दादांना पत्रक हवं होतं. कलावंत मुलीची मुस्कटदाबी, असा मथळा त्यांनीच सुचवला. मी लिहायला बसले. मथळा झाला, पहिला परिच्छेद झाला, चांगला झाला. खाली नावं लिहायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, "तिला विचारायचं का?"

दादा हसले. "अन्याय झालेल्याला विचारून कुठं आंदोलन होतं का? विचारलं तर सगळेच नको म्हणतेत."

मी कागद फाडला. त्यावरून बरंच बोलणं झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

लातूरचा फ्लेक्स कार्यकर्त्यानं काढला नव्हता. मी काढायला गेले तेव्हा फ्लेक्स जागेवर नव्हता. दोन गल्ल्या पुढे रसवंतीच्या छपरावर पसरलेला सापडला, तिचा अर्धा चेहरा चरख्यावर उलटा लोंबत होता. रसवाला म्हणाला, "जाड हाय ताई, पावसाला कामाला येतो." त्याला दुसरी ताडपत्री आणून दिली आणि फ्लेक्स घडी घालून नांदेडला आणला. घरी वडिलांनी उघडून बघितला. मी त्यांना सगळं सांगितलं. नावासाठी रंगाऱ्याला समोर बसवणारे वडील. मला वाटलं, ते तरी माझी बाजू घेतील. ते फ्लेक्सची घडी घालत म्हणाले, "पाटी मी माझ्या दाराला लावली होती, बाळा." एवढंच म्हणून वर्कशॉपला गेले.

मग बऱ्याच महिन्यांनी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "ताई, मी. आईचा फोन आहे." परीक्षा झाली होती, निकाल काय ते तिनं लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही. मी माफी मागितली. त्यावर काही उत्तर नाही. दोन दिवसांनी मी विचारलं, हे सगळं मी लिहू का? आणि पहिल्यांदाच मी विचारून थांबले. तीन आठवडे थांबले.

उत्तर आलं ते असं. "लिहा. नाव नको, गाव नको. चाळणीचं लिहा. लॅपटॉप कपाटात आहे, पण फोनवर रेकॉर्ड होतं."

खाली चाळीस सेकंदांचा एक आवाज होता. मी तो एसटी स्टँडवर, कानावर हात ठेवून ऐकला. तीच घरघर, तेच हेलकावे. मी मोजत गेले. सहा झाले. सातवा आला आणि तसाच सरळ निघून गेला. पुन्हा मोजले. पुन्हा सरळ.

मी लिहिलं, "टक कुठं गेला?"

"तुमच्या हॉलमधून आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी अप्पांनी नट आवळला," तिनं लिहिलं. "पहिल्यांदाच. मला वाटतं त्यांनी नीट ऐकलं होतं."